उपकेंद्रावरच्या नर्सबाई : एका पिढीची पार्श्वभूमी

ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचे आयुष्य पुरे करून निवर्तणाऱ्या निवृत्त परिचारिका नातवंडांच्या आठवणीत आजी म्हणून राहतात आणि गावाच्या आठवणीत ‘आपल्या नर्सबाई’ म्हणून. या दोन्ही आठवणींमागे जिल्हा परिषदेच्या गावपातळीवरच्या आरोग्य उपकेंद्रावर काढलेली तीस-पस्तीस वर्षे असतात. त्या वर्षांत कामाचे स्वरूप कसे बदलत गेले, हे पाहिल्याशिवाय या बायकांनी काय सोसले आणि काय उभे केले ते कळत नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ च्या सरकारी अहवालानुसार, देशात सुमारे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका होती. रात्रपाळी, परक्या पुरुषांची शुश्रूषा आणि परगावी एकटीने राहणे यांमुळे पांढरपेशा घरे मुलींना या वाटेला पाठवत नसत. विधवा, परित्यक्ता आणि गरजू घरांतल्या मुली तिकडे वळल्या. १९५२ पासून ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली आणि त्यांच्यासाठी सातवी-आठवी शिकलेल्या मुलींना दोन वर्षांचे प्रशिक्षण देऊन पाठवण्याची पद्धत रूढ झाली. या प्रशिक्षणाचा गाभा बाळंतपण हा होता.

साठच्या दशकात रुजू झालेल्या नर्सबाईंचे काम आजच्या वाचकाला अपरिचित वाटेल. बाळंतपणे घरीच होत, बहुधा रात्री, कंदिलाच्या उजेडात. निरोप आला की पिशवी उचलायची, त्या घरी पोहोचल्यावर आधी स्टोव्ह पेटवून कात्री आणि नाळ बांधायचा दोरा उकळत ठेवायचा, आणि गावच्या सुईणीला न दुखावता तिच्या हातातला नाळ कापायचा विळा बाजूला करायचा. नवजात बाळाला धनुर्वात होऊ नये यासाठी हे एवढेसे काम फार मोलाचे होते, आणि ते अधिकाराच्या बळावर होण्यासारखे नव्हते. सुईण सासूच्या विश्वासातली असे. तिला सोबत घेतले तरच दार उघडे. १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर, म्हणजे वाटल्या जाणाऱ्या कोरड्या पूरक आहारावर, दिवस काढणाऱ्या गरोदर बायकांचीही काळजी याच नर्सबाईंकडे होती.

याच सुमारास झालेल्या एका निर्णयावर अजूनही मतभेद आहेत. देवी, हिवताप, कुटुंब नियोजन अशा एकेका कार्यक्रमासाठी वेगळा कर्मचारी नेमण्याऐवजी एकाच कर्मचाऱ्याने सर्व कामे करावीत, अशी शिफारस केंद्राने नेमलेल्या समितीने १९७३ मध्ये केली. तिच्यामागचा विचार चुकीचा नव्हता. एकाच घरी महिन्याला चार माणसे चार वह्या घेऊन जात आणि घरच्या बाईची एकूण प्रकृती कोणीच विचारत नसे. स्त्री कर्मचाऱ्याच्या वाट्याची घरे कमी होतील, तिला प्रत्येक कुटुंब नीट माहीत होईल, असे समर्थक म्हणत. प्रत्यक्षात मात्र १९७७ नंतर प्रवेशाची अट दहावीची झाली, प्रशिक्षण दोन वर्षांवरून अठरा महिन्यांवर आले, आणि आक्रसला तो मुख्यतः बाळंतपणाच्या शिक्षणाचा वेळ. नर्सबाई कागदोपत्री बहुउद्देशीय झाल्या. त्यांची मूळ विद्या दुय्यम ठरली.

त्यातच आणीबाणी आली. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, पण उद्दिष्टांचा, म्हणजे नसबंदीच्या ठरवून दिलेल्या आकड्यांचा, धाक गावोगावच्या कर्मचाऱ्यांपर्यंत केव्हाच पोहोचला होता. देशभरात त्या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. आणीबाणी संपली, कार्यक्रमाचे नाव ‘कुटुंब कल्याण’ झाले, पुरुष नसबंदीपासून दूर गेले आणि सगळा भार बायकांच्या शिबिरांवर पडला. बाईचे ऑपरेशन टाक्याचे की बिनटाक्याचे (दुर्बिणीचे), एवढाच प्रश्न उरला. महिनाअखेरच्या बैठकीत नर्सबाईंना ‘केसेस किती?’, म्हणजे नसबंदीच्या शस्त्रक्रिया किती, हे आधी विचारले जाई. त्या महिन्यात त्यांनी किती बाळंतिणी सुखरूप सोडवल्या, हे नंतर. ज्या बाईला अडलेल्या वेळी हक्काने बोलावले जाई, तिलाच पाहून दार लावले जाऊ लागले, आणि ही अप्रतिष्ठा तिच्या पदरी धोरणाने घातली होती. उद्दिष्टांची ही पद्धत १९९६ पर्यंत चालली.

गमावलेला विश्वास परत मिळाला तो बऱ्याच अंशी लसीकरणामुळे. १९७८ मध्ये सुरू झालेला कार्यक्रम १९८५ पासून विस्तारला. एस.टी.च्या गर्दीत लसींचा डबा मांडीवर घेऊन जाणाऱ्या, बर्फ वितळण्याआधी शेवटची वाडी गाठणाऱ्या नर्सबाई त्या दशकात सर्रास दिसत. काचेच्या सिरिंज कुकरमध्ये निर्जंतुक करण्याचे काम अनेकदा त्यांच्याच स्वयंपाकघरात होई.

घराकडे मात्र त्यांचे दुर्लक्ष झाले, असे त्यांच्यापैकी अनेकींना वाटत राहिले. बदली झाली की मुलांना आईकडे किंवा सासूकडे ठेवावे लागे. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर नातवंडांना न्हाऊमाखू घालण्यात, त्यांचे ताप-खोकले रात्ररात्र जागून काढण्यात ज्या असोशीने त्या रमल्या, तिचे मूळ इथे आहे.

२००५ नंतर गावात आशाताई आल्या आणि बाळंतपणे दवाखान्यांत होऊ लागली. राज्यात २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे पंच्याण्णव टक्के होते. पुढे प्रशिक्षणही पुन्हा दोन वर्षांचे करण्यात आले. साठच्या दशकात शिकलेल्या नर्सबाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, आणि अठरा महिन्यांच्या काळात नेमलेल्या मुलींना कामावर असतानाच बाळंतपण शिकवण्याची जबाबदारी, कोणत्याही आदेशाविना, त्यांनीच पेलली होती.