प्रथिनांतील अवशेष-संपर्क : अंतराच्या एका मर्यादेची पार्श्वभूमी

इंदूरच्या राजा रामन्ना प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन कड्यात फिरवून क्ष-किरण मिळवणारे यंत्र, आहे आणि त्यावर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी राखलेली एक वेगळी किरणवाहिनी आहे. १७२.५ मीटर परिघाच्या कड्यात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून निघालेले क्ष-किरण स्फटिकावर पडतात. विवर्तनाच्या ठिपक्यांवरून इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा नकाशा तयार होतो आणि त्या नकाशात अणू बसवले जातात. एवढ्या परिश्रमांनंतर हाती येणाऱ्या फाइलमध्ये दर ओळीत एक अणू आणि त्याचे तीन निर्देशांक असतात. कोणता अवशेष, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतला अमिनो आम्लाचा घटक, कोणाला टेकलेला आहे, हे डायसल्फाइड बंधासारखे (दोन गंधक अणूंमधल्या जोडासारखे) मोजके अपवाद वगळता त्या फाइलमध्ये लिहिलेले नसते. ते वाचणाऱ्याने ठरवायचे असते. आपल्या शहरात जैवमाहितीशास्त्र शिकणारी मुले त्यासाठी बहुधा आठ अँगस्ट्रॉमची मर्यादा घालतात, म्हणजे त्याहून कमी अंतरावरचे अवशेष टेकलेले मानतात, आणि पुढे जातात. ही मर्यादा निसर्गनियम नाही, तो एक संकेत आहे आणि त्यामागे साठ-सत्तर वर्षांचा विचार आहे, हे त्यांच्यापर्यंत पोहोचावे असे मला मनापासून वाटते.

साखळीत गुंफले जाताना अमिनो आम्लांमधून पाण्याचे रेणू निघून जातात आणि जे उरते त्याला अवशेष म्हणतात. मराठीत या शब्दाने पडक्या वाड्याची आठवण होते, पण येथे तो जिवंत, काम करणाऱ्या घटकाचा वाचक आहे. साखळीची घडी पडली की दहावा आणि शंभरावा अवशेष शेजारी येऊ शकतात. ही जवळीक अँगस्ट्रॉममध्ये, म्हणजे मीटरच्या हजार कोटीव्या भागात, मोजतात. जॉन केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये मायोग्लोबिन या स्नायूंतील प्रथिनाची पहिली त्रिमितीय रचना मांडली तेव्हा विभेदन, म्हणजे दिसू शकणारा सर्वांत बारीक तपशील, ६ अँगस्ट्रॉम होते. साखळीची वळणे दिसत होती, पण पार्श्वशृंखला, म्हणजे प्रत्येक अवशेषाच्या बाजूला निघणाऱ्या फांद्या, दिसत नव्हत्या. १९६० मध्ये २ अँगस्ट्रॉमपर्यंत मजल गेल्यावर कोण कोणाच्या शेजारी आहे, हे प्रथमच पाहता आले. पाण्यापासून दूर राहणाऱ्या पार्श्वशृंखला आत एकत्र येत असाव्यात, हा वॉल्टर कॉझमन यांनी १९५९ मध्ये मांडलेला विचार त्या रचनेत उघड दिसला.

जवळ येण्याला खालची मर्यादा कोणती, हा प्रश्न मात्र मद्रासमध्ये अधिक नेटाने सोडवला गेला. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये कोलॅजेन या त्वचा-हाडांतील प्रथिनाची तिपेडी रचना सुचवली. पुढच्याच वर्षी अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी आक्षेप घेतला की तिच्या सुधारित रूपात काही अणू एकमेकांच्या फाजील जवळ येतात. रामचंद्रन यांनी हा आक्षेप वादापुरता ठेवला नाही. बंधाने न जोडलेले दोन अणू खरोखर किती जवळ येऊ शकतात, हे त्यांनी माहीत असलेल्या स्फटिकरचनांमधून तपासले आणि प्रत्येक जोडीसाठी एक नेहमीची व एक टोकाची अशा दोन मर्यादा ठरवल्या. दोन कार्बन अणूंसाठी त्या ३.२ आणि ३.० अँगस्ट्रॉम होत्या, तर दोन हायड्रोजन अणूंसाठी २.० आणि १.९. सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला, आज रामचंद्रन आलेख म्हणून जगभर शिकवला जाणारा नकाशा याच कोष्टकातून निघाला. त्या आलेखातले, साखळीच्या कण्याला पडणाऱ्या पिळाचे कोन सगळे पाठ करतात; तो मुळात संपर्क-अंतरांचा आलेख आहे, याकडे वर्गात फारसे लक्ष दिले जात नाही, याची मला खंत वाटते.

वरची मर्यादा कोठे धरायची, हा दुसरा प्रश्न. डेव्हिड फिलिप्स यांनी १९७० मध्ये साखळीतील प्रत्येक अवशेषाचे दुसऱ्या प्रत्येक अवशेषापासूनचे अंतर चौरस तक्त्यात मांडण्याची रीत दाखवली. ठरावीक अंतराच्या आतल्या घरांवर खूण केली की संपर्क-नकाशा मिळतो. त्यात अल्फा सर्पिल (साखळीचा मळसूत्रासारखा भाग) मुख्य कर्णालगतच्या पट्ट्यासारखे दिसते, बीटा पट्ट्यांतील (साखळीच्या शेजारी-शेजारी ताणलेल्या भागांतील) समांतर जोडी कर्णाला समांतर रेघ देते आणि उलट दिशेने धावणारी जोडी कर्णाला काटकोनात छेद देणारी रेघ देते. रचना कशीही फिरवली तरी हा नकाशा बदलत नाही, म्हणूनच लिसा होल्म आणि ख्रिस सँडर यांना १९९३ मध्ये प्रथिनांची तुलना अंतरांच्या तक्त्यांवरून करता आली.

१९७१ मध्ये ब्रुकहेवन येथे प्रथिनांची डेटा बँक सुरू झाली तेव्हा तिच्यात सातच रचना होत्या. आज तिची संख्या दोन लाखांच्या वर आहे. रचना वाढल्या तसे संपर्कांचे गणनाशास्त्र उभे राहिले. तनाका आणि शेरागा यांनी १९७६ मध्ये, तर मियाझावा आणि जर्निगन यांनी १९८५ मध्ये, कोणते अवशेष किती वेळा शेजारी सापडतात यावरून संपर्काची ऊर्जा काढली. मियाझावा-जर्निगन पद्धतीत पार्श्वशृंखलांच्या केंद्रांमधील मर्यादा ६.५ अँगस्ट्रॉम होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सरस्वती विश्वेश्वरा आणि त्यांचे सहकारी १९९९ च्या सुमारास प्रथिनाकडे जाळे म्हणून पाहू लागले. पुढे त्यांच्या गटाने ४.५ अँगस्ट्रॉमच्या आतल्या अणुजोड्या मोजून संपर्क किती घट्ट आहे, हेही त्यात आणले. मला ही दृष्टी अधिक प्रामाणिक वाटते, कारण ग्लायसीन या सर्वांत लहान अमिनो आम्लाला ओझरता भिडलेला अवशेष आणि ट्रिप्टोफॅन या सर्वांत मोठ्या अमिनो आम्लाला पूर्ण बिलगलेला अवशेष 'आहे' या एकाच शब्दात मावत नाहीत.

आठ अँगस्ट्रॉमची मर्यादा रूढ झाली ती रचनेच्या भाकितांमुळे. १९९४ पासून दर दोन वर्षांनी होणाऱ्या कॅस्प या रचना-भाकितांच्या चाचणीत दोन अवशेषांच्या बीटा कार्बनांमधील (पार्श्वशृंखलेच्या पहिल्या कार्बनांमधील) अंतर आठ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असले की संपर्क मानण्याची पद्धत रुळली. ग्लायसीनला बीटा कार्बनच नसल्याने त्याच्यासाठी कण्यातला अल्फा कार्बन घेतात. १९९४ मध्येच सँडर आणि अल्फोन्सो व्हॅलेन्सिया यांच्या गटाने उत्क्रांतीत जोडीने बदलणाऱ्या अवशेषांवरून संपर्क ओळखण्याचा प्रयत्न केला. अडचण अशी होती की पहिला दुसऱ्याला आणि दुसरा तिसऱ्याला टेकत असेल, तर पहिला आणि तिसराही जोडीने बदलताना दिसतात. हा आडवळणाचा संबंध गणिताने वेगळा करण्याची वाट २००९ मध्ये मार्टिन वाइग्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवली. २०१८ च्या कॅस्पमध्ये अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने तर हो-नाहीचा प्रश्नच बाजूला ठेवला आणि २ ते २२ अँगस्ट्रॉमच्या पट्ट्याचे ६४ भाग करून प्रत्येक भागाची शक्यता वर्तवली.

इंदूरजवळच्या झाबुआ आणि अलीराजपूर या आदिवासी जिल्ह्यांत आढळणाऱ्या सिकल सेल आजाराच्या मुळाशी एक संपर्क आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले की तो व्हॅलीन शेजारच्या रेणूतील ८५ व्या फेनिलअलॅनीन आणि ८८ व्या ल्युसीनच्या खाचेत जाऊन बसतो, रेणूंना रेणू जोडले जातात आणि तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात. एकाच साखळीच्या नकाशात हा संपर्क दिसणारच नाही, कारण तो दोन रेणूंमधला आहे. आणि ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनची रचना तपासायला घेतली तर तेथेही तो सापडणार नाही, कारण ही जुळणी ऑक्सिजन सुटल्यावरच होते.