रेडिओ तरंगांनी आयनद्रायू-प्रवाहाचा आरंभ
टोकामॅक या कंकणाकृती अणुकेंद्रीय संमीलन यंत्रातील आयनद्रायूत (प्लाझ्मात) मध्यवर्ती सोलेनॉइडचे (यंत्राच्या मधल्या खांबातील तारेच्या वेटोळ्याचे) साहाय्य न घेता, किंवा अगदी थोडे घेऊन, रेडिओ वा सूक्ष्मतरंगांच्या जोरावर विद्युत् प्रवाह उभा करण्याची पद्धत.

एरवी सोलेनॉइड हे ट्रान्सफॉर्मरचे प्राथमिक वेटोळे आणि आयनद्रायू हे दुय्यम. बदलत्या प्रवाहावाचून ट्रान्सफॉर्मर चालत नाही, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात वायंडिंग करणाऱ्याला सांगावे लागत नाही. सोलेनॉइडचा प्रवाह एकाच दिशेने बदलत नेण्याला मर्यादा असल्याने प्रत्येक स्पंद संपतो. गोलसर टोकामॅकात तर मधल्या खांबात त्याला पुरेशी जागाही नसते.

कल्पनेच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. पीटर थोनमन व सहकाऱ्यांनी पुढे सरकणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा आयनीभूत वायूवरील परिणाम १९५२ मध्येच प्रसिद्ध केला होता. काही अभ्यासक मूळ तेथे मानतात. टोकामॅकातील वेगवान इलेक्ट्रॉनांना तरंगांनी रेटण्याचा सिद्धांत नॅथॅनिएल फिश यांनी १९७८ मध्ये मांडला, आणि आजची पद्धत त्यावरच उभी असल्याने सैद्धांतिक श्रेय त्यांच्याकडे जाणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रयोगांबाबत मात्र प्रवाह टिकवणे व शून्यातून सुरू करणे यांत गल्लत होते. जपानच्या जेएफटी-२ यंत्रावरील १९८० च्या सुमाराचे काम, तरंगजन्य प्रवाह दाखवणारे असले, तरी आरंभाचे नव्हे. क्योटोच्या डब्ल्यूटी-२ टोकामॅकवरील आरंभाचा वृत्तांत १९८३ मध्ये आला. प्रिन्स्टनच्या पीएलटी टोकामॅकवर लोअर हायब्रिड तरंगांनी (आयनद्रायूतील एका प्रकारच्या रेडिओ तरंगांनी) १०० किलोअँपिअर प्रवाह उभा केल्याचा १९८४ मध्ये. प्रकाशनक्रम पाहता अग्रमान क्योटोला द्यावा लागतो.

रंकाळ्यात उभी होडी लाटेवर नुसती वर-खाली होते; लाटेच्या वेगाच्या जवळपास वेग असलेली होडी मात्र पुढे रेटली जाते. तरंग व इलेक्ट्रॉन यांचे नाते असेच आहे (लँडाऊ अवमंदन). वेगवान इलेक्ट्रॉनांची टक्कर क्वचित होत असल्याने मिळालेला संवेग टिकतो. घनता वाढली की तेवढ्याच शक्तीत मिळणारा प्रवाह घटतो, म्हणून आरंभ विरळ आयनद्रायूत करतात. प्रवाह वाढू लागताच प्रवर्तनाने विरोधी विद्युत् क्षेत्र निर्माण होते आणि तरंगांची काही शक्ती चुंबकीय ऊर्जेत साठते.

इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन तरंगांनी (चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन ज्या कंप्रतेने घिरट्या घालतात तिच्याशी जुळणाऱ्या सूक्ष्मतरंगांनी) होणाऱ्या आरंभात प्रथम उघड्या, म्हणजे भिंतीवर जाऊन संपणाऱ्या, क्षेत्ररेषांवर अल्प प्रवाह येतो, मग आयनद्रायूला आत कोंडणारी बंद चुंबकीय पृष्ठे तयार होतात. हे संक्रमण नेमके कसे घडते, याच्या तपशिलावर मतभेद आहेत.

कंप्रता तरंगप्रकारानुसार फार बदलते. टोकियो विद्यापीठाच्या टीएसटी-२ या गोलसर टोकामॅकवरील २०० मेगाहर्ट्झ ही कोल्हापूर आकाशवाणीच्या एफ.एम. पट्ट्याच्या साधारण दुप्पट, तर ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय टोकामॅकसाठीचे जायरोट्रॉन (सूक्ष्मतरंग निर्माण करणाऱ्या नळ्या) १७० गिगाहर्ट्झचे आहेत.

भारतात गुजरातमधील गांधीनगर येथील (कोल्हापूरजवळच्या कापडपेठेचे गांधीनगर नव्हे) प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य’ हे टोकामॅक १९८९ मध्ये व ‘एसएसटी-१’ २०१३ मध्ये कार्यान्वित झाले. दोन्हींवर ४२ गिगाहर्ट्झ तरंग आरंभास साहाय्य म्हणून वापरले गेले. तेथे ते मुख्यतः वायूचे आयनीकरण करतात, प्रवाह सोलेनॉइडच उभा करतो.