वायफाय दखासच नई : लिनक्समधल्या एका जुन्या दुखण्याची पार्श्वभूमी

मागच्या मे महिन्यात चोपड्याजवळ बहिणीच्या गावी गेलो होतो, ऊन मी म्हणत होतं, सगळे कूलरपुढे बसलेले, आणि भाची लॅपटॉप घेऊन आली. सेकंड हँड, जळगावहून आणलेला, त्यावर विंडोज रडतखडत चालायचं म्हणून पोरीने मैत्रिणीच्या पेनड्राइव्हवरून स्वतःच लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम, टाकलं होतं. आवाज येतो, टचपॅड चालतं, कॅमेरा चालतो. फक्त, "मामा, वायफाय दखासच नई," म्हणजे दिसतच नाही. दाजी शेजारून म्हणाले, "फुकटनं ते फुकटनंच शे." हे वाक्य मला लागलं, कारण हे दुखणं फुकटपणामुळे नाहीये, त्याच्यामागे वीस-पंचवीस वर्षांची गोष्ट आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी बघूया बिघडलं काय होतं. टर्मिनल उघडून एलएसपीसीआय ही आतल्या चिपांची यादी दाखवणारी कमांड मारली तर वायफाय चिपचं नाव आलं, खाली कर्नल मॉड्यूलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, चिप चालवणाऱ्या ड्रायव्हरचं नावही आलं, पण ड्रायव्हर वापरात असला की जी ओळ येते तीच गायब. मग डीमेसेज, म्हणजे कर्नलने लिहून ठेवलेल्या नोंदी, बघितलं. त्यात लाल अक्षरात एक ओळ, अमुक फाईलचं फर्मवेअर लोड फेल, एरर -२. हा उणे दोन म्हणजे साधं सांगायचं तर "अशी फाईलच नाही". म्हणजे चिप शाबूत, ड्रायव्हर हजर, पण लॅपटॉप चालू झाला की ड्रायव्हरने चिपच्या पोटात जो छोटा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, भरायचा असतो तो डिस्कवरच नव्हता. पेनड्राइव्हवरची लिनक्सची प्रत (इमेज) जुनी होती आणि तिच्यात फर्मवेअर दिलेलंच नव्हतं.

का दिलेलं नव्हतं, तिथून खरी गोष्ट सुरू होते.

वायफायचं पहिलं स्टँडर्ड, ८०२.११, आलं १९९७ ला, आणि १९९९ ला ८०२.११बी आल्यावर स्वस्त कार्डं बाजारात यायला लागली. स्वस्त करायचं म्हणून चिपमधलं बरंचसं काम सॉफ्टवेअरवर ढकललं गेलं. लिनक्सचा ड्रायव्हर लिहायचा तर चिपच्या कुठल्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आतल्या छोट्या खणात, काय टाकलं की ती काय करते हे माहीत पाहिजे, आणि बऱ्याच कंपन्या ते कागद द्यायलाच तयार नव्हत्या. एक कारण सरळ धंद्याचं. दुसरं असं सांगितलं जायचं की रेडिओची पॉवर आणि चॅनल सॉफ्टवेअरच्या हातात असतात, प्रत्येक देशाचे नियम वेगळे, उद्या कोणी पॉवर वाढवली तर सरकार आम्हाला धरेल. यात थोडं तथ्य आहे हे मी मान्य करतो, पण त्यापायी गिऱ्हाइकाने पैसे देऊन घेतलेलं कार्ड मुकं ठेवायचं हे मला कधीच पटलं नाही.

मग लोकांनी जुगाड काढला, एनडीआयएस-रॅपर. विंडोजसाठी बनलेला ड्रायव्हर उचलायचा आणि लिनक्सला तो आपलाच वाटेल अशी मधे भिंत उभी करायची. ज्यांनी तेव्हा वापरलं त्यांना आठवत असेल, चाललं तर चाललं, नाहीतर कर्नल अपडेट झाला की पुन्हा पहिल्यापासून, आणि आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही.

खरी वाट उघडली ती एका राउटरमुळे. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी आत लिनक्सवरच चालायचा, आणि जीपीएल या लिनक्सच्या लायसन्समुळे, म्हणजे विकलं तर कोडही द्या या अटीमुळे, २००३ मध्ये त्याचा कोड बाहेर द्यावा लागला. त्यातला ब्रॉडकॉम या चिप कंपनीचा वायफाय ड्रायव्हर मात्र बंद, नुसते मशीनचे आकडे. पण तो लिनक्ससाठीच बनलेला होता ना! काही जणांनी ते आकडे उलटे वाचायला घेतले. आणि कसे, तर दोन गट करून. एक गट मशीन कोड वाचून साध्या भाषेत लिहून काढणार, आधी या रजिस्टरमध्ये हे टाका, मग इतका वेळ थांबा, मग ते वाचा. दुसरा गट तो कोड डोळ्यांनी बघणारसुद्धा नाही, फक्त ते वर्णन वाचून स्वतःचा ड्रायव्हर लिहिणार, म्हणजे कॉपी केली असं कोणाला म्हणता येऊ नये. एकेक आकडा असा चाळून काढलेला ड्रायव्हर जून २००६ मध्ये, २.६.१७ कर्नलमध्ये आला. पुढे त्यातूनच बी४३ झाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती मला.

पण फर्मवेअर राहिलंच. ते कंपनीच्या मालकीचं, वाटायची परवानगी नाही, म्हणून फर्मवेअर-कटर नावाचं टूल बनवलं, कंपनीच्या ड्रायव्हरची फाईल नेटवरून उतरवायची आणि तिच्यातून तो तुकडा कापून घ्यायचा. आता वायफाय चालवायला नेट पाहिजे आणि नेटसाठी वायफाय पाहिजे, म्हणजे विहिरीतलं पाणी काढायचा दोरच विहिरीत पडलेला.

बाकीचं भराभर सांगतो. आधी स्कॅनिंग, एनक्रिप्शन हे बरेच ड्रायव्हर आपापलं लिहायचे, जुलै २००७ मध्ये २.६.२२ कर्नलमध्ये मॅक८०२११ नावाचा सामायिक पाया आला आणि तेव्हापासून नवीन ड्रायव्हर लिहिणं बरंच सोपं झालं. अथेरॉस या दुसऱ्या कंपनीच्या चिपचं बंद कुलूप ओपनबीएसडी या दुसऱ्या फुकट सिस्टिमवाल्यांनी आधीच फोडलं होतं, त्यातून ॲथ५के हा ड्रायव्हर आला, आणि २००८ मध्ये खुद्द कंपनीनेच ॲथ९के हा ड्रायव्हर उघडा, म्हणजे कोडसकट, दिला. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही एक उघडा ड्रायव्हर दिला, जरी त्यांच्या सगळ्या चिप त्यात बसत नव्हत्या.

एक माणूस इथे सांगायलाच हवा, लॅरी फिंगर. बी४३ आणि रिअलटेक या कंपनीच्या चिपचे ड्रायव्हर त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले. आरटीएल८७२३बीई या चिपवर राउटर शेजारी असूनसुद्धा एकच काडी दिसायची, कारण काही लॅपटॉपमध्ये अँटेना एकच जोडलेला आणि चिपमधली नोंद भलत्याच अँटेनाची, मग अँट-सेल हे सेटिंग १ किंवा २ करून बघायचं. असल्या तक्रारींना ते शांतपणे उत्तर द्यायचे. जून २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्यामुळे चालू झालेले लॅपटॉप आपल्याकडे धुळे-नंदुरबारपर्यंत पोचलेत.

फर्मवेअरचा प्रश्न तत्त्वाचाही होता. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराने, ज्याचा कोड वाचता येत नाही ते सोबत द्यायचं नाही म्हणून, बंद फर्मवेअर कित्येक वर्षं मुख्य इन्स्टॉलरबाहेर ठेवलं, २०२२ मध्ये मतदान घेऊन ते आत घ्यायचं ठरलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते सोबतच येतं. आधीच्या भूमिकेचा मला आदर आहे, पण गावात ज्या पोरीकडे फक्त मोबाइलचा डेटा आहे तिच्यासाठी हा निर्णय बरोबरच झाला.

भाचीच्या लॅपटॉपला मी केबलने मोबाइल जोडला, यूएसबी टेदरिंग चालू केलं, फर्मवेअरचं पॅकेज उतरवलं, मॉडप्रोब या कमांडने ड्रायव्हर एकदा काढून परत बसवला. वरच्या कोपऱ्यात घरच्या राउटरचं नाव आलं, मग शेजारच्यांचं. ड्रायव्हर आज उघडा आहे, कोणीही वाचू शकतं, पण त्या फर्मवेअरच्या फाईलमध्ये काय आहे ते अजूनही कंपनीलाच माहीत. दाजींना मी ही सगळी गोष्ट सांगितली, त्यांनी फक्त ते उलटं वाचणाऱ्या दोन गटांबद्दल पुन्हा विचारलं, आणि पोरीने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं, एरर -२, फाईल नाही.