दिवस गेले, हे कोणत्या दिवशी कळते?

मराठीत एखादीला ‘दिवस गेले’ असे म्हणतात, तेव्हा त्यात गर्भाचा किंवा बाळाचा उल्लेखही नसतो; मोजणी असते ती फक्त दिवसांची. लघवीच्या चाचणीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी बायकांनी हेरलेली ही खूण आजही मळमळ, थकवा किंवा छाती दुखणे यांपेक्षा अधिक भरवशाची आहे. असे का, हे समजण्यासाठी पाळी चुकण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत शरीरात काय चालते ते पाहावे लागते.

पाळी २८ दिवसांची असेल, तर साधारण चौदाव्या दिवशी अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडते. ते ज्या पुटिकेतून निघाले तिथे मागे एक पिवळसर गाठ उरते. तिला पीतपिंड म्हणतात आणि ती प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करू लागते. स्तन जड वाटणे, दुपारीच पेंग येणे, पोट फुगणे, शौचास साफ न होणे, उगाच रडू येणे या तक्रारींमागे बऱ्याच अंशी हेच संप्रेरक असते. गोम अशी की पीतपिंड दर महिन्याला तयार होते, गर्भ राहो वा न राहो. त्यामुळे बाळाची वाट पाहणारी स्त्री पाळीच्या चार दिवस आधी ज्या लक्षणांवर आशा बांधते, ती लक्षणे एरवीही आलेलीच असतात. फक्त त्या महिन्यांत तिने त्यांच्याकडे लक्ष दिलेले नसते.

खरा बदल घडतो तो गर्भ रुजल्यावर. फलित झालेले बीज गर्भनलिकेतून सावकाश खाली येते आणि स्त्रीबीज सुटल्यापासून सहा ते बारा दिवसांनी, बहुतेक वेळा आठव्या ते दहाव्या दिवशी, गर्भाशयाच्या अस्तरात रुजते. त्याच्या बाहेरच्या पेशींमधून ‘एचसीजी’ हे संप्रेरक आईच्या रक्तात उतरू लागते. त्याचे पहिले काम म्हणजे पीतपिंडाला जिवंत ठेवणे. तो निरोप पोहोचला नाही, तर सुमारे दोन आठवड्यांत पीतपिंड सुकते, प्रोजेस्टेरॉन घटते आणि अस्तर गळून पाळी येते. निरोप पोहोचला, तर पाळी येत नाही. म्हणजे पाळी चुकणे आणि चाचणीवर दुसरी रेघ उमटणे या एकाच संप्रेरकाच्या दोन करामती आहेत.

चाचणी नेमकी कधी करावी, हे थोड्याशा हिशेबाने कळते. सुरुवातीला एचसीजी साधारण दोन ते तीन दिवसांत दुप्पट होते, आणि घरी वापरायचे बरेचसे किट मिलिलिटरमागे २५ मिलि-एककांच्या (एककाचा हजारावा भाग) आसपास ते ओळखते. समजा, स्त्रीबीज सुटल्यापासून अकराव्या दिवशी ही पातळी ५ आहे. तेराव्या दिवशी ती १० होईल, पंधराव्या दिवशी २० आणि सतराव्या दिवशी ४०. पाळीची तारीख पंधराव्या दिवशी उलटली म्हणून त्याच सकाळी चाचणी केली, तर उत्तर ‘नाही’ येईल आणि दोनच दिवसांनी ‘हो’. पाळी चुकल्यावर आठवडाभर थांबले तर ही चुकामूक बहुधा टळते. घाईचा आणखी एक तोटा आहे. रुजलेल्या गर्भांपैकी बरेच पहिल्या काही दिवसांतच आपोआप गळून पडतात. पूर्वी ‘या वेळी पाळी जरा लांबली’ एवढेच त्याबद्दल म्हटले जाई, आता त्याची आधी बातमी मिळते आणि मग दुःख. हे जाणूनही लवकर चाचणी करावीशी वाटणे मात्र मी समजू शकते.

किटचे काम पाहण्यासारखे असते. ड्रॉपरने लघवीचे थेंब खाचेत टाकले की ओल पट्टीवर सरकत जाते आणि वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेली प्रतिपिंडे (एचसीजीला चिकटणारी प्रथिने) सोबत घेते. लघवीत एचसीजी असेल, तर ते कण ‘टी’ रेघेवर अडकून गुलाबी रंग दिसतो. ‘सी’ची रेघ फक्त किट चालते आहे एवढेच सांगते, आणि ती उमटली नाही तर निकाल धरायचा नाही. निकाल पाकिटावर दिलेल्या वेळेतच वाचावा, कारण तासाभराने वाळलेल्या पट्टीवर राखाडी ओरखडा दिसू शकतो. वेळेत दिसलेली रेघ गुलाबी असेल, तर ती फिकट असली तरी होकारच समजावा आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. सकाळची पहिली लघवी दाट असल्यामुळे बरी. तांब्याभर पाणी पिऊन केलेली चाचणी सुरुवातीच्या दिवसांत फसवू शकते. मीठ, साखर किंवा टूथपेस्ट लघवीत मिसळून फेस पाहण्याच्या युक्त्यांचा एचसीजीशी काडीचाही संबंध नाही. शंभर वर्षांपूर्वी तर किटही नव्हते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी शोधलेल्या पद्धतीत लघवी उंदराच्या मादीला टोचून काही दिवसांनी तिचे अंडाशय तपासावे लागत. आज हे किट आशा कार्यकर्तीच्या पिशवीतही असते.

ज्यांची पाळी अनियमित आहे, ज्या अंगावर पाजत आहेत किंवा ज्यांनी तातडीची गर्भनिरोधक गोळी घेतली आहे, त्यांच्याकडे चुकण्यासाठी नेमकी तारीखच नसते. बाळंतपणानंतर पहिली पाळी येण्याआधीही स्त्रीबीज सुटू शकते, त्यामुळे ‘अजून पाळीच सुरू झाली नाही’ हा दिलासा खोटा ठरू शकतो. अशा वेळी शेवटच्या असुरक्षित संबंधापासून २१ दिवस मोजून चाचणी करावी.

ओकाऱ्यांचा क्रम बहुधा यानंतर लागतो, शेवटच्या पाळीपासून पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास. त्यामागे वारेतून येणाऱ्या ‘जीडीएफ-१५’ या संप्रेरकाचा मोठा वाटा असल्याचे २०२३ साली स्पष्ट झाले. गर्भधारणेआधी शरीराला त्याची जितकी कमी सवय, तितका त्रास जास्त. ओकाऱ्या झाल्या नाहीत म्हणून दिवस गेलेच नाहीत, असे मात्र ठरत नाही.

चाचणी होकारार्थी आली आणि त्यासोबत पोटात एका बाजूला तीव्र कळ, रक्तस्राव, घेरी किंवा खांद्याच्या टोकाला दुखणे असेल, तर गर्भ नलिकेत अडकलेला असू शकतो. तेव्हा थेट रुग्णालय गाठावे. तसे काही नसले, तरी डॉक्टरांकडे जाण्यास फार उशीर करू नये. गर्भाचा मेंदू आणि मणका ज्यातून घडतात ती नलिका गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांच्या आसपास मिटते, म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत. म्हणूनच रोजची ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी मूल हवेसे वाटू लागल्यापासूनच घ्यायची असते. फिट्स किंवा मुरुमांसाठी घेतलेली काही औषधे गर्भाला घातक असतात, ती चालू असल्याचे आपणहून सांगावे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली? गर्भाचे वय त्या तारखेपासूनच मोजतात, त्यामुळे पाळी चुकते त्या दिवशी कागदावर चार आठवडे लिहिले जातात, जरी फलित बीज तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांचे असले तरी.