हौशी नेमबाजीसाठी रिव्हॉल्व्हर व बोअरची निवड

कागदी लक्ष्यावर नेम साधण्याच्या आनंदासाठी रिव्हॉल्व्हर चालवणाऱ्याने कोणत्या बोअरचे आणि कोणत्या घडणीचे हत्यार निवडावे, हा या नोंदीचा विषय आहे. स्वसंरक्षणासाठी घेतलेले हत्यार आणि नेमबाजीचे हत्यार यांच्या गरजा निरनिराळ्या असतात. पहिले अंगावर लपावे लागते, म्हणून ते आखूड आणि हलके असते. दुसरे हातात स्थिर राहावे लागते, म्हणून लांब आणि वजनदार असते. नागपुरात, किंबहुना सगळ्या विदर्भात, परवान्यावर असलेली बहुतेक रिव्हॉल्व्हर पहिल्या प्रकारची आहेत आणि त्यांच्यावरच लोक नेम शिकू पाहतात. बऱ्याच निराशेचे मूळ इथे आहे.

बोलण्यात ‘बोअर’ आणि ‘कॅलिबर’ हे शब्द एकाच अर्थाने येतात : नळीचा व्यास, इंचाच्या शतांशांत. हे आकडे मात्र नावापुरते असतात. बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरची गोळी प्रत्यक्षात ०.३१२ इंचांची, तर ‘अडतीस स्पेशल’ची ०.३५७ इंचांची असते. म्हणून काडतूस घेताना आकड्यावर न थांबता त्याचे पूर्ण नाव वाचावे.

कायद्याची चौकट

निवडीचा पहिला निर्णय कायदाच करून टाकतो. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार परवाना लागतो. नागपूर शहरात तो पोलीस आयुक्तांकडून, तर काटोल, सावनेर, उमरेड, रामटेक अशा ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाची मर्यादा तीन शस्त्रांवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. क्रीडा नेमबाजांसाठी वेगळ्या सवलती आहेत. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळी झाडणे हा याच दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा झाला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शेतात, धरणाकाठी किंवा फार्महाउसवर ‘जरा हात साफ करणे’ ही नेमबाजी नव्हे. ती रेंजवरच, म्हणजे नेमबाजीसाठी राखलेल्या जागीच, करायची असते.

ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० किंवा .४५५ ही सैनिकी काडतुसे बसतात, ती प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. ही दोन्ही ब्रिटिश सैन्याची काडतुसे. वेब्ली आणि एनफील्ड बनावटीच्या सर्व्हिस रिव्हॉल्व्हरांत ती वापरली जात आणि कामठीसारख्या छावण्यांत ती रोजच्या वापरातली होती. सैन्याचा दारूगोळा चोरून नागरी हत्यारात वापरता येऊ नये, हा या मनाईमागचा हेतू. तिचा परिणाम असा, की जगभर नेमबाजांच्या आवडीचा अडतीसचा सगळा परिवार भारतात मागे पडला आणि बत्तीस बोअर हेच सर्वसामान्य परवानाधारकाचे माप ठरले. परदेशी हत्यारे खासगी वापरासाठी आयात करणे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. मान्यताप्राप्त नामांकित नेमबाजांना सूट मिळते. बाकीच्यांना देशी माल किंवा जुनी परदेशी हत्यारे एवढाच पर्याय उरतो.

बोअर

हौशी नेमबाजाने आधी काडतूस निवडावे, मग ते झाडणारे रिव्हॉल्व्हर. नेम हा सरावाने येतो आणि सराव म्हणजे शेकडो काडतुसे. परवान्यावर एका वेळी व वर्षभरात किती काडतुसे घेता येतील, याची मर्यादा लिहिलेली असते. तेव्हा जे काडतूस नियमित मिळते, खिशाला झेपते आणि झाडताना हात बिचकत नाही, तेच योग्य.

हात बिचकणे हा या खेळातला सर्वांत मोठा दोष आहे. आवाज आणि धक्का येणार, हे माहीत असल्याने चाप दाबण्याच्या क्षणी मनगट आपोआप खाली जाते, डोळा मिटतो आणि गोळी लक्ष्याच्या खाली लागते. धक्क्याचे ढोबळ माप म्हणून गोळीचे वजन आणि वेग यांचा गुणाकार घेता येतो. ‘पॉइंट टू-टू लाँग रायफल’ (.२२) या काडतुसाची गोळी ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची. बत्तीसची ९८ ग्रेनची, म्हणजे साधारण ६.४ ग्रॅम. अडतीस स्पेशल आणि तीनशे सत्तावन्न मॅग्नम या दोघांत १५८ ग्रेनची, १०.२ ग्रॅमची गोळी नेहमीची आहे. नेहमीचे वेग धरले तर टू-टूचा धक्का एक असताना बत्तीसचा पावणेदोन, अडतीस स्पेशलचा तीन आणि मॅग्नमचा पाच येतो. दारूच्या वायूचा वाटा यात धरलेला नाही. तो धरला तर मॅग्नम आणखी पुढे जाईल.

टू-टू लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासूनचे. धक्का जवळजवळ नाही, आवाज त्यातल्या त्यात कमी, किंमत सर्वांत कमी. शिकण्यासाठी याहून चांगले काडतूस नाही, असे निःशंकपणे म्हणता येते. याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो आणि घोडा त्या कडेवर आदळतो. म्हणून टू-टूचे रिव्हॉल्व्हर रिकामे असताना चाप ओढत बसू नये. काडतूस नसले की घोड्याची सुई थेट घराच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, पोलादी कडेवर बसते आणि तिथे खाच पडते. रिकाम्या सरावासाठी प्लॅस्टिकची नकली काडतुसे वापरतात. अडचण अशी, की चांगले लांब नळीचे टू-टू रिव्हॉल्व्हर भारतात सहज मिळत नाही. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने काढलेले ‘निडर’ टू-टूच आहे, पण जेमतेम पाव किलोचे आणि अगदी आखूड नळीचे. ते पर्ससाठी आहे, लक्ष्यासाठी नाही.

बत्तीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरचे काडतूस म्हणजे १८९६ चे ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग’, मेट्रिक मापात ७.६५ × २३ मिमी. कमजोर म्हणून याची हेटाळणी करणारे पुष्कळ भेटतात, पण अचूकतेच्या बाबतीत ते फार वरच्या दर्जाचे आहे. आंतरराष्ट्रीय २५ मीटर सेंटर फायर (स्फोटक मसाला पुंगळीच्या बुडाच्या मध्यभागी असलेल्या काडतुसांच्या) पिस्तूल स्पर्धेत ७.६२ ते ९.६५ मिमीपर्यंतचे बोअर चालते, आणि तरीही जगातले उत्तम नेमबाज वर्षानुवर्षे हेच काडतूस निवडत आले आहेत. त्यासाठी ते ‘वॉडकटर’ गोळी वापरतात. तिचे तोंड सपाट असते, त्यामुळे कागदात पंचिंग मशीनने पाडावे तसे स्वच्छ गोल भोक पडते आणि गुण मोजताना वाद राहत नाही. टोकदार-गोल तोंडाची गोळी कागद फाडते आणि रेषेवरचा गुण हातचा जातो. जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सेंटर फायरमध्येच सुवर्णपदक मिळवले होते. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण जिंकले ते २५ मीटर पिस्तुलात. त्या प्रकारात मात्र टू-टू काडतूस असते.

इथे एक धोक्याची गोष्ट. परवान्यावर नुसते ‘३२ बोअर’ लिहिलेले असते, पण पिस्तुलाचे बत्तीस आणि रिव्हॉल्व्हरचे बत्तीस ही दोन वेगळी काडतुसे आहेत. पिस्तुलाचे ७.६५ × १७ मिमीचे, आखूड आणि अधिक दाबाचे असते. रिव्हॉल्व्हरच्या घरात ते शिरते, म्हणून चालते असे समजून लोक झाडतात. जुन्या हत्यारावर असा प्रयोग मुळीच करू नये.

अडतीस स्पेशल १८९८ चे आणि तीनशे सत्तावन्न मॅग्नम १९३५ चे. दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच असून मॅग्नमची पुंगळी तीन-साडेतीन मिलिमीटर लांब केलेली आहे. त्यामुळे मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये अडतीस स्पेशल झाडता येते. उलट करता येत नाही, ते लांबीमुळे बसतच नाही. जिथे दोन्ही सुखाने मिळतात तिथे ही जोडी सर्वांत सोयीची : सराव सौम्य काडतुसावर, हौस जोरदार काडतुसावर. मॅग्नम सामान्यतः अप्रतिबंधित मानतात, पण नागपुरातल्या नेमबाजाला त्याची काडतुसे पुरेशी आणि परवडतील अशी मिळणे कठीण आहे. कपाटात शोभणारे मॅग्नम आणि वर्षाला पंचवीस गोळ्या, यातून नेमबाज तयार होत नाही.

घडण

रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरला बहुधा सहा घरे असतात. स्पर्धेतली मालिका पाच गोळ्यांची, म्हणून एक घर रिकामे ठेवतात. घोडा अंगठ्याने मागे ओढून मग चाप दाबला तर ‘सिंगल ॲक्शन’. यात चाप हलका, एक-दोन किलोच्या दाबाचा. नुसता चाप ओढून घोडाही उचलला तर ‘डबल ॲक्शन’, ज्याला साडेचार-पाच किलो दाब लागतो. अचूक नेम सिंगल ॲक्शननेच घेतात, पण डबल ॲक्शनचा सराव बोटाला जी शिस्त लावतो ती दुसऱ्या कशाने लागत नाही.

नळीची लांबी महत्त्वाची असते ती मुख्यतः नेम धरण्याची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातल्या अंतरासाठी. हे अंतर २२० मिमी असेल आणि माशी अर्धा मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ५७ मिमी बाजूला जाते. अंतर १२५ मिमी असेल तर तीच चूक १०० मिमी होते. २५ मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ ५० मिमी व्यासाचे आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ त्रिज्येने २५ मिमीने मोठे. म्हणजे तोच हात, तेवढीच थरथर, पण एकाला आठ गुण आणि दुसऱ्याला जेमतेम सात. आखूड रिव्हॉल्व्हर ‘खराब’ नसते, ते चूक माफ करत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत २२० मिमी हीच या अंतराची कमाल मर्यादा आहे. नळीला १५३ मिमी, वजनाला १४०० ग्रॅम या वरच्या मर्यादा, आणि चापाचा दाब किमान १००० ग्रॅम.

या कसोटीवर देशी हत्यारे पाहावीत. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर वेब्ली मार्क ४ च्या वळणाचे, कंबरेत मोडून भरायचे, तीन इंची नळीचे आणि सुमारे ७०० ग्रॅमचे आहे. दणकट आहे, पण दृष्टिसाधन बसवलेले, न सरकणारे. २०१४ चे ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, ५०० ग्रॅमचे. बाळगायला हलके आणि नेमबाजीला त्याच कारणाने गैरसोयीचे. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’चे सिलिंडर बाजूला उघडते. या तिघांतून लक्ष्यासाठी एक निवडायचे तर ‘प्रबल’च निवडावे. मूठही पाहावी : तर्जनीचे पहिले पेर चापावर सरळ बसले पाहिजे. आपल्याकडच्या अनेक हातांना परदेशी मोठी मूठ सैल पडते, तेव्हा लाकडी मूठ तासून घेणे हत्यार बदलण्यापेक्षा स्वस्त पडते.

नागपुरातील सराव

इथला नवा नेमबाज बहुधा १० मीटर एअर पिस्तुलाने सुरुवात करतो आणि तेच योग्य आहे. .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. काडतुसांच्या रेंज म्हटल्या की मुख्यतः पोलीस, हिंगणा मार्गावरचे राज्य राखीव पोलीस बल आणि कामठीची छावणी यांचीच नावे येतात. नागरिकांना तिथे प्रवेश परवानगीवर अवलंबून असतो. रायफल संघटनेचे सदस्यत्व घेणे हा सरळ मार्ग. राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या पुढाकाराने. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी मानली जाते.

रिव्हॉल्व्हरचा एक मोठा फायदा सरावात दिसतो. जोडीदाराने तीन घरांत काडतुसे भरावीत, बाकीची रिकामी ठेवावीत (टू-टू असेल तर त्यांत नकली काडतुसे घालावीत) आणि सिलिंडर फिरवून हत्यार हाती द्यावे. कोणते घर भरलेले हे झाडणाऱ्याला माहीत नसते. रिकाम्या घरावर घोडा पडला आणि नळी खाली झुकली, की बिचकणे उघडे पडते. हात सुधारायला याहून प्रामाणिक उपाय नाही.

काही नियम रिव्हॉल्व्हरपुरतेच आहेत. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून तप्त वायू बाजूला फुटतो, तेव्हा आधाराच्या हाताची बोटे सिलिंडरच्या पुढे कधीही जाऊ देऊ नयेत. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढचा चाप दाबू नये. गोळी नळीत अडकलेली असू शकते. काडतूस वाजलेच नाही तर नळी लक्ष्याकडे ठेवून किमान ३० सेकंद थांबावे. कानाला इअरमफ आणि डोळ्याला चष्मा टू-टूसाठीही लागतोच.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काडतुसे ठेवू नयेत. उन्हाळ्यात सराव सकाळी आठच्या आत आटोपावा. घामट तळहाताने मूठ सरकते आणि घामाचे मीठ पोलादाला दोन दिवसांत गंज चढवते. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात हत्यार ठेवणे टाळावे, चामडे ओल धरते. सराव झाला की मंडळी थेट तर्री-पोह्यांच्या गाडीवर जातात. त्याआधी साबणाने हात आणि तोंड धुवावे, कारण गोळीचे आणि काडतुसाच्या टोपीतल्या स्फोटक मसाल्याचे शिसे बोटांवर असते आणि ते पोटात जाते.

जुने हत्यार घेताना

जुने रिव्हॉल्व्हर घेण्याआधी ते रिकामे असल्याची स्वतः खात्री करावी. घोडा पूर्ण मागे ओढून सिलिंडर बोटांनी हलवून पाहावा. किंचित हालचाल चालते, खडखडाट चालत नाही. सिलिंडर व नळी यांतली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. ०.१ ते ०.२ मिमी ठीक, पाव मिलिमीटरच्या पुढे सोडून द्यावे. सहाही घरे नळीच्या तोंडाशी नीट जुळतात का, हे एकेक करून तपासावे. जुळणी बिघडलेले हत्यार गोळीच्या शिशाचे कण बाजूला फेकते आणि शेजारच्या लेनवर उभ्या असलेल्या माणसाच्या गालाला ते लागतात.