गाडी नवी, प्रस्ताव नवा : ज्येष्ठ चालकांना विमा नाकारण्यामागची पार्श्वभूमी

गोव्यातल्या बऱ्याच घरांत हा विषय आला तो फोनवरून. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेलेली भाची किंवा पुतण्या सांगतो, की शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजोबांनी मोठी गाडी विकून छोटी घेतली, आणि इतकी वर्षे हप्ता घेणाऱ्या कंपनीने 'या गाडीवर तुम्हाला विमा देता येणार नाही' असे कळवले. गाडी छोटी झाली, जोखीम कमी झाली, मग नकार का? इकडे फोंड्यात किंवा डिचोलीत फोन ऐकणाऱ्या माणसाच्या मनात लगेच येते : आपण सत्तरीत आहोत, आपलीही गाडी बदलायला झाली आहे, आपल्याकडेही असे करतात काय?

कायद्यात तसे काही नाही. काउंटरवर मात्र थोडेफार होते. हे अंतर कसे पडले, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

ब्रिटनमध्ये विमा मुख्यतः चालकाच्या नावाभोवती फिरतो. गाडी कोण चालवणार, त्याचे वय काय, हे आधी, गाडी नंतर. तिथे २०१० च्या समानता कायद्याने वयावरून भेदभावाला आळा घातला, पण विम्याला त्यातून सवलत मिळाली. एप्रिल २०१२ मध्ये सरकार आणि विमा व्यवसाय यांच्यात एक समझोता झाला : वयामुळे विमा देणार नसाल तर जो देईल त्याचा पत्ता तरी ग्राहकाला द्या. म्हणजे नकाराचा हक्क शाबूत, फक्त पुढचे दार दाखवायचे. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत चालकाबद्दल अट असते ती वैध परवान्याची. परवान्याला कमाल वयाची मर्यादा नाही, त्यामुळे पंच्याऐंशीव्या वर्षीही, परवाना चालू असेल तर, पॉलिसीच्या दृष्टीने तो चालक आणि पंचविशीतला पोरगा सारखेच.

तरी 'नकार' हा शब्द आपल्या कायद्याला अगदीच परका नव्हता. किंबहुना वीसेक वर्षे तो कायद्यात लिहिलेला होता, आणि हे फारसे कोणाला आठवत नाही.

सक्तीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देणारा, १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात होता. ते प्रकरण प्रत्यक्ष लागू व्हायला १९४६ चा जुलै उजाडला. गोव्यात तो मुक्तीनंतर आला, 'जीडी'ने सुरू होणाऱ्या नंबरांच्या काळात. १९६९ च्या दुरुस्तीने त्यात कलम १०३-अ घातले गेले. गाडी विकायची असेल तर पॉलिसी खरेदीदाराच्या नावावर करण्यासाठी विमा कंपनीकडे अर्ज करायचा, आणि कंपनीने १५ दिवसांत नकार कळवला नाही तर पॉलिसी आपोआप बदलली असे मानायचे. नकार कोणत्या कारणांवरून देता येईल तेही कलमात होते : खरेदीदाराची चालक म्हणून किंवा पॉलिसीधारक म्हणून वर्तणूक, त्याच्या आधीच्या पॉलिसीवर घातलेल्या अटी, त्याचा आधी फेटाळला गेलेला प्रस्ताव. यात वय नाही. वर्तणूक आहे. एखाद्याने चार गाड्या ठोकल्या असतील तर त्याला नाही म्हणा, पण तो सत्तरीचा आहे म्हणून नाही म्हणण्याची सोय त्या यादीत नव्हती. शिवाय नकार लेखी कळवायचा, तोही मुदतीत. गप्प बसलात तर होकार. ग्राहकाच्या बाजूने इतकी नेटकी तरतूद नंतर पुन्हा झाली नाही, असे माझे मत आहे.

१९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्यातल्या कलम १५७ ने हा सगळा खटाटोपच काढून टाकला. गाडी विकली की विमा प्रमाणपत्र आणि पॉलिसी तिच्याबरोबर खरेदीदाराकडे गेली असे मानायचे. परवानगीचा अर्ज नाही, १५ दिवस नाहीत, नकारही नाही. १९९० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हे आपोआप जाणे फक्त थर्ड पार्टीपुरते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, एजंट ज्याला 'ओडी' म्हणतात, तो कंपनीशी वेगळा करार करूनच नावावर करायचा. इथे गुंता झाला. नकाराची लिखित कारणे कायद्यातून गेली, पण ओडी देणे न देणे कंपनीच्या मर्जीवर राहिले. पूर्वी नाही म्हणायला कारण लागत होते, आता नुसते हो न म्हणणे पुरते.

तरीही २००२ ते २००७ या काळात गाडी बदलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला फारसा त्रास नव्हता. जुलै २००२ पासून लागू झालेल्या मोटार टॅरिफमध्ये दर ठरलेले होते, आणि त्यात चालकाच्या वयासाठी वाढीव दर नव्हता. गाडी किती सीसीची, किती जुनी, कोणत्या विभागातली, एवढेच बघायचे. महत्त्वाचे म्हणजे 'गाडी बदलणे' यासाठी त्यात स्वतंत्र नियम होता. चालू पॉलिसीत जुन्या गाडीच्या जागी त्याच वर्गातली दुसरी गाडी घालता येई, उरलेल्या मुदतीसाठी, हप्त्याचा फरक दिवसांच्या हिशेबाने भरून. जुनी गाडी मोडीत निघाली नसेल तर तिचा विमा चालू असल्याचा पुरावा द्यायचा. एजंट विनंतीपत्र घेऊन जाई आणि एका पानाची एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची नोंद, घेऊन परत येई. करार तोच, धनी तोच, गाडी वेगळी. ज्याचा करार चालूच आहे त्याच्याकडे नव्याने निरखून बघण्याचा प्रसंग कंपनीवर येतच नसे.

१ जानेवारी २००७ ला ओडीचे दर मोकळे झाले. मग कंपन्या मालकाचे वय, व्यवसाय, गाडीचे मॉडेल यांवरून आपापले दर लावू लागल्या. त्याच सुमारास 'डिक्लाइन', म्हणजे नकार, हा शब्द विमा व्यवसायात उघडपणे वावरू लागला, पण तो म्हाताऱ्या चालकांसाठी नव्हता, ट्रकांसाठी होता. व्यापारी वाहनांच्या थर्ड पार्टीत कंपन्यांना तोटा होई, म्हणून एप्रिल २००७ पासून सगळ्यांचा मिळून एक पूल, म्हणजे तोटा वाटून घेण्याची सामाईक व्यवस्था, केला गेला. तो मार्च २०१२ ला मोडून 'डिक्लाइन्ड रिस्क पूल' आला, आणि तोही मार्च २०१६ ला संपला. गोव्यात या शब्दाशी कोणाची गाठ पडली असेलच तर खनिज वाहणाऱ्या टिपरवाल्यांची, आणि त्यांचे टिपर तर सप्टेंबर २०१२ पासून खाणबंदीत दारात उभेच होते. दरम्यान विमा कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने प्रत्येक कंपनीवर थर्ड पार्टीचा ठरावीक वाटा उचलण्याचे बंधन आले. सक्तीचा विमा कोणाला मिळालाच नाही असे होऊ नये, याची काळजी घेतली गेली. ओडीबद्दल अशी काळजी कोणी घेतली नाही.

यानंतरचा निर्णय वादाचा. जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्ता सुरक्षेच्या प्रकरणात सांगितले, की नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा. १ सप्टेंबर २०१८ पासून ते लागू झाले. हेतू योग्य होता. बिनविम्याच्या गाडीने उडवलेल्या माणसाला भरपाईसाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात. पण याचा एक परिणाम कोणी फारसा मोजला नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा, तर जुन्या पॉलिसीच्या उरलेल्या सात महिन्यांत ती बसवणार कशी? शोरूममधून नवी गाडी घेणाऱ्यासाठी 'गाडी बदलणे' हा नियम जवळजवळ निकामी झाला. आता दर वेळी नवी पॉलिसी, नवा प्रस्ताव अर्ज, आणि त्यात जन्मतारखेचा रकाना. करारातला खंड असा घडला, आणि वय आत आले ते त्या खंडातून. २००२ च्या टॅरिफमध्ये गाडी बदलणारा ग्राहक जुनाच असे. २०१८ नंतर तीस वर्षे हप्ता भरलेला माणूसही गाडी बदलली की अनोळखी.

नकार लेखी मात्र येत नाही. 'सिस्टीम घेत नाही', 'शाखेत चौकशी करा', 'वरून मंजुरी यायची आहे' अशा भाषेत येतो, किंवा ज्याने माणूस स्वतःच मागे फिरेल इतका हप्ता सांगितला जातो. विमा लोकपालाकडे नेता येणाऱ्या तक्रारींत 'हप्ता घेऊनही पॉलिसी दिली नाही' ही आहे. हप्ता घेण्याआधीच तोंडी टाळले, ही तिथे नाव घेऊन नोंदलेली नाही.

मग काउंटरवरून सल्ला मिळतो : 'मुलाच्या नावावर घ्या'. गोव्यात हा सल्ला फार सहज दिला जातो आणि तितक्याच सहज ऐकला जातो. त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल ओडीच्या हप्त्यात मिळणारी सूट, जातो. बोनस गाडीचा नसतो, पॉलिसीवरच्या नावाचा असतो. २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी त्याची चढण आहे. समजा ओडीचा हप्ता १६,००० रुपये होतो, तर पन्नास टक्केवाल्याला तो ८,००० पडतो. गाडी विकताना जुन्या कंपनीकडून बोनसचे पत्र घेतले तर तीन वर्षांपर्यंत ते त्याच नावाच्या दुसऱ्या गाडीला लावता येते. मुलाला किंवा बायकोला तो मिळतो तो मालकाच्या मृत्यूनंतर, गाडी त्यांच्या ताब्यात गेली तर. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे नवराबायकोची मालमत्ता सामाईक असते, अर्धा वाटा तिचा. बोनसला तो हिशेब माहीत नाही. आरसीवर बाबांचे नाव, पॉलिसीवर बाबांचे नाव, बोनस बाबांचा.

हे सगळे गोव्यात जास्त जाणवण्याचे कारण साधे आहे. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण इथे सुमारे ११ टक्के होते, केरळखालोखाल. मुले परदेशी, बस सातनंतर मिळेल याची खात्री नाही, म्हणून सत्तरीतला माणूस गाडी सोडत नाही. त्यात जुनी गाडी ठेवणेही महाग झाले. १५ वर्षांनंतर खासगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण ६०० रुपयांत होई, एप्रिल २०२२ पासून त्याचे ५,००० झाले. मारुती ८०० सांभाळून बसलेल्यांनाही मग गाडी बदलावी लागली. त्यातले काही जण वापरलेली गाडी घेतात आणि नकळत कलम १५७ च्या आश्रयाला येतात : तिच्यावरचा चालू थर्ड पार्टी त्यांच्याकडे आपोआप येतो, त्याला कोणी वय विचारत नाही. ओडीसाठी मात्र १४ दिवसांत कंपनीकडे जावे लागते, आणि बोनस नव्या मालकाचा असेल तितकाच.

परवान्याची बाजूही याच काळात बदलली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्नाच्या पुढे परवाना पाच-पाच वर्षांनीच मिळतो, दर वेळी डॉक्टरच्या दाखल्यासह. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस तो चालू मानत, ती सवलत गेली. आता शेवटच्या दिवसानंतर नूतनीकरण होईपर्यंत गाडी चालवली तर पॉलिसीतली वैध परवान्याची अट मोडते, मग पॉलिसी कितीही नवी असो. वर्षाहून अधिक उशीर झाला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.