प्रगतिपत्रक कोणासाठी? प्राथमिक शिक्षकाच्या उत्तरदायित्वाची पार्श्वभूमी

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांचा वार्षिक निकाल 1 मे रोजी, महाराष्ट्र दिनाच्या ध्वजवंदनानंतर लावण्याची पद्धत आहे. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात मी शिकवते. आमच्या दोनशिक्षकी शाळेत त्या दिवशी निकाल घ्यायला येतात त्या बहुतेक आज्या, कारण मुलांचे आईवडील पोटापाण्यासाठी मुंबईला किंवा गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यावर परराज्यात गेलेले असतात. एका वर्षी तिसरीतल्या नातवाचे प्रगतिपत्रक हातात घेऊन एका आजींनी श्रेणीच्या रकान्यावर बोट ठेवले आणि विचारले, “बाई, ह्ये ब-दोन म्हंजी पोरगं पास झालं न्हवं?” मी हो म्हटले. त्यांनी पत्रकाची नीट घडी करून ते पिशवीत ठेवले आणि त्या समाधानाने घरी गेल्या. त्या मुलाला हातच्याची वजाबाकी अजून येत नव्हती, हे त्या पत्रकात कुठेही लिहिलेले नव्हते, मी तोंडाने सांगितले नव्हते, आणि दुसऱ्या दिवसापासून सुट्टी लागत होती.

ही चूक माझी होतीच, परंतु तिच्यामागे बराच जुना इतिहास आहे. आपल्याकडे प्राथमिक शिक्षकाचा हिशेब कायम वरच्या दिशेने दिला गेला. घराच्या दिशेने तो द्यायचा असतो, हे कायद्यात यायला 2009 साल उजाडावे लागले.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याचे शिक्षण खाते 1855 मध्ये उभे राहिले आणि शाळा तपासायला डेप्युटी, म्हणजे खात्याचे निरीक्षक, येऊ लागले. मुले किती हजर, किती उत्तीर्ण, याची नोंद खात्याकडे जाई, आणि अनुदानित शाळांचे तर अनुदानच परीक्षेच्या निकालावर ठरत असे. या सगळ्या व्यवस्थेत पालक नावाच्या माणसाला काही कळवण्याची जागा नव्हती. 1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी नेमके या दुराव्यावर बोट ठेवले होते. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, म्हणजे त्यांना लोकांमध्ये मोकळेपणाने मिसळता येईल आणि लोकांच्या गरजा व इच्छा समजतील. ते प्रशिक्षित असावेत, त्यांच्या प्रशिक्षणात शेती आणि आरोग्य यांचाही समावेश असावा, आणि त्यांचे वेतन महिना 12 रुपयांपेक्षा कमी नसावे, अशी त्यांची मांडणी होती. शिक्षकाच्या व्यावसायिक पात्रतेत ‘पालकांशी बोलता येणे’ ही गोष्ट त्यांनी इतक्या लवकर धरली होती, याचे मला फार मोल वाटते. फुल्यांच्या पूर्वजांचे गाव कटगुण आमच्याच तालुक्यात आहे.

त्या विचाराला सातारा जिल्ह्यात पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हातपाय दिले. 1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने 1935 मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले, ते खेड्यांसाठी शिक्षक घडवण्याकरिता.

स्वातंत्र्यानंतर 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने सक्तीच्या शिक्षणाची चौकट घातली आणि 1962 मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर खेड्यांतल्या बहुतेक शाळा त्यांच्याकडे आल्या. शिक्षकांना 1967 चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम लागू झाले. सचोटी, कर्तव्यपरायणता, भेटवस्तू, राजकारणातील सहभाग, मालमत्तेची माहिती असे विषय त्यांत आहेत, आणि ते असायलाच हवेत. मात्र ते नियम सरकारी नोकराचे आहेत. मुलाला काय येते आणि काय येत नाही हे त्याच्या घरच्यांना कसे सांगावे, या प्रश्नाला त्यांत उत्तर नाही.

ते उत्तर बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या 2009 च्या अधिनियमाने दिले. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या या कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगितली आहेत. वेळेवर शाळेत येणे आणि अभ्यासक्रम पूर्ण करणे यांच्याच पंक्तीला पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातील प्रगती यांची माहिती देणे, हेही कर्तव्य म्हणून आले. 2010 मध्येच राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने शालेय शिक्षकांसाठी नीतिसंहिता मांडली. तिच्यात पालकांशी विश्वासाचे नाते जोडण्याची अपेक्षा आहे, तशीच विद्यार्थ्याविषयीची गोपनीय माहिती अधिकार नसलेल्या कोणालाही न देण्याचीही. (निकालाच्या दिवशी सगळ्यांसमोर कच्च्या मुलांची नावे घेणारे शिक्षक मी पाहिले आहेत. ती प्रथा बंद झालीच पाहिजे.)

महाराष्ट्राने 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू केले. पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर शिकवताना होणाऱ्या) मूल्यमापनाला 70 टक्के आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणाऱ्या) मूल्यमापनाला 30 टक्के भारांश आला, पुढच्या इयत्तांत हे प्रमाण बदलत गेले, आणि पत्रकावर टक्के व नंबर जाऊन अ-1 ते ई-2 अशा श्रेणी आल्या. ‘नापास’ हा शब्द मुलांच्या कपाळावरून पुसला गेला, याचा मला आनंदच आहे. पण गावात समज पसरला की परीक्षाच बंद झाल्या, मुले नुसती वर चढवतात. आणि तो दूर करण्याइतके आम्ही बोललो नाही. श्रेणीपेक्षा मोलाची होती ती वर्णनात्मक नोंद. प्रत्येक मुलाविषयी शिक्षकाने स्वतःच्या शब्दांत लिहावे अशी तिच्यामागची कल्पना होती. प्रत्यक्षात तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, पुढे त्या मोबाईलवर फिरू लागल्या, आणि एकाच वर्गातल्या कित्येक मुलांच्या पत्रकावर ‘परिसराविषयी जिज्ञासा दाखवतो’ हे एकच वाक्य उतरले. शिक्षक आळशी होते म्हणून हे घडले, असे मी म्हणणार नाही. नोंदी पुऱ्या आहेत की नाहीत हे तपासणीला आलेले अधिकारी पाहत. त्या पालकांना समजल्या का, हे कोणी विचारत नसे. डेप्युटीच्या काळातली सवय नव्या कागदावर तशीच उतरली.

शिक्षण हक्काच्या त्या कायद्यात 2019 मध्ये झालेल्या केंद्रीय दुरुस्तीनंतर राज्यात 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली असून त्यात शिक्षकाच्या नोंदीबरोबर मुलाचे स्वतःचे आणि सोबत्यांचेही मूल्यमापन असावे, आणि ते पत्रक घर व शाळा यांना जोडणारे असावे, असे म्हटले आहे. शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानके ठरवण्याचा आग्रहही त्याच धोरणात आहे.

आजींच्या त्या नातवाचे वडील चौथीच्या वर्षी दिवाळीला गावी आले होते. मी मेची वाट पाहिली नाही. सत्राचा निकाल देताना पत्रक बाजूला ठेवले, मुलाची वही उघडली आणि त्याला 52 मधून 27 वजा करायला सांगितले. त्याने उत्तर 35 काढले. वडिलांनी ते पाहिले, हातचा कुठे सुटला हे त्यांना लगेच कळले, आणि ते म्हणाले, “बाई, हे आधी सांगायला पाहिजे होतं.” त्यांचे खरे होते.